छाट

हर्षल जहाजावर स्वयंपाकी आहे. दोन वर्षांनी एकदा येतो
आणि मला न झेपणारं काहीतरी हातात ठेवून जातो.
या खेपेला काचेच्या नळीत एकच चिरूट,
अंगठ्याएवढा जाड, कमरेला सोनेरी पट्टा.
"मामा, घाई नको. तास लागतो. आणि धूर गिळायचा नाही."
गिळायचा नाही तर ओढायचा कशाला,
हे मी विचारलं नाही.

जानेवारी. जेल रोडची गच्ची.
द्राक्षवाल्यांची झोप उडवणारी थंडी,
आणि लांब एकलहऱ्याची धुरांडी,
रोजच्यासारखी, कुणाची परवानगी न घेता ओढत बसलेली.

आधी पट्टा पाहिला. सवय जात नाही.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांच्या चुका शोधल्या.
भिंग काढलं: एक सिंह, चार पदकं, बारीक वेलबुट्टी,
तिसऱ्या पदकाची कड फुटलेली, शाई केसभर सरकलेली.
आमच्याकडे हा ताव छाटला गेला असता.

टोक कापायला तसली कात्री कुठली?
अडकित्त्याने उडवलं.
सुपारीचा कण चिकटून आला, असू दे.
चार काड्या वाया. पाचवीला धरला.

पहिला झुरका: नुसती गरम हवा.
दुसऱ्याला कात, आणि नव्या दप्तराचं चामडं.
नळीसोबतच्या चिठ्ठीत हर्षलच्या अक्षरात होतं:
देवदार, कोको, ओली माती.
देवदार मी पाहिलेला नाही.
मला लागली गुऱ्हाळाची कढई,
तळाला जराशी करपलेली काकवी,
मग जायफळ,
मग मध्येच भिजून वाळलेलं गोणपाट (वाईट नाही),
आणि जिभेच्या मुळाशी एक कडू,
पाहुण्यासारखं बसलेलं. उठेचना.
राखही पडेना. करडी, बोटभर, ताठ.

गजरा वर आली ती खोकतच, चादर गुंडाळून.
लग्नाआधी सिन्नरला विड्या वळायची,
लग्नानंतर इथे, मांडीवर सूप घेऊन, आणखी अठरा वर्षं.
हजारातल्या साठ-सत्तर तपासनीस बाजूला सारायचा.
छाट, म्हणायचा.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
त्याच्या खिशातून तिचाच वास यायचा, म्हणते.
एवढ्या वर्षांत तिने स्वतः एकही ओठाला लावली नाही.

"बघू."
मी धरला होता तसा तिने धरला नाही.
दोन बोटांत फिरवला, दाबला, कानाशी नेला.
"पोकळ नाही कुठं."
आणि मला न विचारता झुरका घेतला.
गाल भरले. डोळे मिटले.
धूर सोडला तो थेट एकलहऱ्याकडे.

"कसा आहे?"
"पाला मुरवताना कुणी घाई केली नाही."
याहून मोठी स्तुती तिने
माझ्या आईच्या पुरणाचीही केली नव्हती.

निम्मा उरला. विझू दिला.

सकाळी पाहतो तर माळ्यावरचं सूप खाली आलेलं,
तिच्या मांडीवर, आणि त्यात
उरलेला चिरूट पान पान सुटलेला.
"चुरा नाही आत. अख्खी पानं. शिरा काढलेल्या."
वरचं पान तिने पुन्हा गुंडाळलं,
उलगडलं, गुंडाळलं.
"वळणारी डावखुरी आहे," म्हणाली,
"बघा ना, उलटं चाललंय."
मला दिसलं नाही. नोट असती तर दिसलं असतं.

"हजारी काय देत असतील हो तिला?"

मी भिंग घेऊन पट्टा पुन्हा वाचला.
सिंह. चार पदकं. वेलबुट्टी.
तिसऱ्या पदकाची फुटकी कड.

तोवर तिने पानं गोळा केली,
फडक्यात बांधली
आणि लोकरीच्या कपड्यांत ठेवून दिली,
कसर लागू नये म्हणून.